दातांनी ऐकणारा फिटर

१९७३ च्या मे महिन्यातला रविवार होता. अठराशे रुपयांना घेतलेली जुनी मोटार दुरुस्त करायला अंगणात मी, दोन मित्र आणि त्यांनी आणलेला कापडगिरणीतला फिटर जमलो होतो. इंजिनात कुठेतरी ठोका येत होता.

फिटरने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले.

"मिस्त्री, मोटार खाताय का काय?" एक मित्र म्हणाला. फिटरला ऐकूच गेलं नाही. मग बोट ठेवून तो म्हणाला, "हितं हाय." खोलून पाहिलं, तर तिथलंच बेअरिंग झिजलेलं.

मी दहा रुपये पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत.

"मागाच्या आवाजानं कान गेलं, साहेब. दातानं ऐकतो. गिरणीत तेवढं कुणाला बोलू नका की."

पुढे एका लग्नाच्या पंगतीत गिरणीचा अधिकारी शेजारी बसला. मी फिटरच्या कसबाचं कौतुक केलं, दातांसकट सांगितलं. बोलून गेल्यावर लक्षात आलं.

महिनाअखेर त्याला कामावरून काढलं. मी शुक्रवार पेठेत त्याच्या घरी गेलो. तो बाहेर आला नाही. मी त्याच्या बायकोपुढे पन्नास रुपये धरले.

"कशाचे?" तिने विचारलं.

"मोटारीच्या कामाचे," असं म्हणून मी ते तिच्या हातात दिले.