दोन सायकली आणि फ्रिजवरची किल्ली

माझ्या सायकलीने जेवढा रत्नागिरी तालुका पाहिलाय तेवढा मीही पाहिलेला नाही, आणि एवढ्या प्रवासात तिचं चाक एकदाही डांबराला लागलेलं नाही.

यात सायकलीचा काही दोष नाही. दोष डॉक्टरांचा. "साखर वाढलीय, सायकल चालवा," असं ते मला सहज बोलून गेले. ते बहुधा घाटावरचे असावेत. रत्नागिरीत सपाट अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे समुद्र! आमच्या घरातून डावीकडे वळलं तर चढ, उजवीकडे वळलं तर उतार, आणि उतार म्हणजे परतीचा चढ. पहिल्याच दिवशी एकवीस गिअरची नवी कोरी सायकल हाताने ढकलत मी कोपऱ्यापर्यंत गेलो, तर शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अरेरे, पंक्चर झाली?" मी "हो" म्हणालो आणि परत आलो. (ढकलताना चाक डांबराला लागतं हे मला मान्य आहे. पण तो प्रवास मी मोजत नाही.)

मग मी गाडीच्या डिकीला मागून बसवायचा सायकलींचा कॅरिअर आणला. दर रविवारी सायकल त्यावर बांधायची, आरे-वारेच्या किनाऱ्याला जायचं, तिथे सुरूच्या बनालगतच्या सपाट रस्त्यावर चालवायची, असा बेत. पण तिथे पोचलं की कधी वारा असे, कधी ऊन असे, आणि वारा किंवा ऊन नसेल तेव्हा भूक असे. मी मुळातच उदास माणूस आहे. समुद्र दिसला की मला वाटतं, कशाला? मग मी एक चहा घ्यायचो, सायकलीकडे बघत बसायचो आणि घरी यायचो.

घरी आप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत. आप्पा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात केली आणि निवृत्तीनंतर सावर्ड्याला घर बांधून राहिले. गेल्या वर्षी आई गेली, आणि एकटे कसे राहणार म्हणून मी त्यांना रत्नागिरीला घेऊन आलो. येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, कपड्यांची एक बॅग आणि त्यांची काळी सायकल. याच सायकलीवरून ते कॉलनीतून ड्यूटीला जात. याच सायकलीच्या कॅरिअरवर बसून आई बाजाराला जाई. आमच्याकडे आल्यापासून आप्पा जवळजवळ बोलतच नव्हते. जेवलात का? हो. टीव्ही लावू? नको. घरात तिघं माणसं, आणि आवाज फक्त मिक्सरचा.

रविवारी मात्र ते एक प्रश्न विचारत. "किती झाले?"

"तीस किलोमीटर," मी म्हणायचो. (हे खोटं नव्हतं. गाडीच्या मीटरवर तेवढेच दिसत.)

एका रविवारी ते काठी टेकत सायकलीपर्यंत आले, वाकले आणि टायरवरून बोट फिरवलं. "तीस-तीस किलोमीटर जाऊन टायरवरची रबराची लव पण गेली नाय?" एवढंच म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले. त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही.

मग आप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ठरलं. वार गुरुवार. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, आता सायकल विसरायची हं." आप्पांनी मान हलवली. घरी आल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याच्याआधी एकदा चालवीन म्हणतो."

"गुडघ्याचं काय?"

"चालताना दुखतो. सायकलवर बसलो की नाय दुखत."

आई गेल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. "रविवारी जाऊ आप्पा! दोघं जाऊ!" मी म्हणालो. एवढ्या उत्साहाने बोलण्याची मला सवय नाही. बायको, संध्या, स्वयंपाकघरातून बघायला आली, कोण आलंय म्हणून.

शनिवारी संध्याकाळीच मी दोन्ही सायकली कॅरिअरवर चढवल्या. माझी हलकी, आप्पांची म्हशीएवढी जड. पट्टे आवळले, वरून लोखंडी दांडी लावून कुलूप घातलं. त्या कुलपाच्या किल्ल्या दोन. पैकी एक हरवली तर पंचाईत नको, म्हणून दुसरी मी पहिल्याच किल्लीला दोऱ्याने घट्ट बांधून ठेवली होती. (हसू नका. त्या वेळी हे शहाणपणाचं वाटलं होतं.) आणि सकाळी शोधाशोध नको म्हणून तो जोड मी अशा जागी ठेवला, की जाता-येता दिसेल. फ्रिजवर.

रविवारी सकाळी निघालो. मागच्या काचेतून काही दिसत नव्हतं. रिव्हर्स कॅमेऱ्यात फक्त आप्पांच्या सायकलीचं चाक दिसत होतं, आणि गतिरोधक आला की ते हवेत गरागरा फिरत होतं. आप्पा पडद्यावर तेच बघत होते. "हिला बरं आहे," म्हणाले. "पाय न मारता चालतेय."

शिरगावच्या अलीकडे पोलिसाने थांबवलं.

"मागचा नंबर कुठाय?"

"सायकलींच्या मागे."

"मला सायकली दिसतायत. नंबर दिसत नाही."

"साहेब, तेच म्हणतोय मी."

तो वाकला, आरांमधून डोळे बारीक करून नंबर वाचला आणि उठला. "कुठे नेताय या?"

"आरे-वारेला. चालवायला."

"मग इथून चालवत का नाही नेत?"

"इथे चढ आहे."

एवढ्यात मागून एक गृहस्थ सायकलीला मासळीची पाटी बांधून तोच चढ दमदार पाय मारत चढून आले. आमच्याशेजारून जाताना त्यांनी गाडीकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं आणि कळवळून विचारलं, "दोन्ही बिघडल्या काय वो?" पोलिसाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. "बरोबर वडील आहेत म्हणून सोडतो. नंबर दिसेल असं काहीतरी करा," म्हणाला. आप्पा खाली सरकून बसले होते. आपण या माणसाबरोबर नाही, असं त्यांना भासवायचं असावं.

आरे-वारेला पोचलो. वारा नव्हता, ऊन नव्हतं, भूकसुद्धा नव्हती! समुद्र करडा होता आणि रस्ता रिकामा. आप्पा दार उघडून स्वतःच उतरले, हातरुमाल काढला, पँटचा उजवा पाय घोट्यापाशी गुंडाळून त्याने बांधला. पोफळीला ड्यूटीवर निघताना असंच बांधत, साखळीत अडकू नये म्हणून. मी हे लहानपणी रोज पाहिलेलं. मी पट्टे सोडले आणि खिशात हात घातला.

मग दुसऱ्या खिशात घातला.

मग गाडीत, सीटखाली, पुन्हा पहिल्या खिशात, आणि शेवटी संध्याला फोन.

"फ्रिजवर बघ."

"बघायला कशाला हवं? कालपासून तिथेच दिसतेय. मला वाटलं, नको असेल."

"अगं नको कशी असेल!"

"रिक्षाने पाठवू का?"

"रिक्षावाल्याला काय सापडणार इथे? मीच येतो." (आरे-वारे न सापडणारा रिक्षावाला रत्नागिरीत जन्माला यायचाय. हे मला शिरगावला परत पोचल्यावर सुचलं.)

आप्पा पाय बांधून उभेच होते. त्यांनी आपल्या सायकलीचं सीट दोनदा थोपटलं. "गाडीत बसून गुडघा आखडतो माझा," म्हणाले. "मी बसतो इथे. तू जाऊन ये."

रस्त्याच्या कडेला एका बाईंची टपरी होती. तिच्या बाकावर आप्पांना बसवलं, बाईंना लक्ष ठेवायला सांगितलं आणि मी निघालो. सायकली सुटत नव्हत्या, त्यामुळे त्याही माझ्याबरोबर निघाल्या. शिरगावला तोच पोलीस.

"झाली चालवून?"

"नाही. किल्ली घरी राहिली."

तो हातानेच जा म्हणाला. किल्ली घेऊन मी परत येताना दिसलो तेव्हा त्याने सरळ सलाम ठोकला.

परत पोचायला सव्वा तास लागला. टपरीसमोरचं बाक रिकामं होतं.

मी समुद्राकडे बघितलं. आप्पांचं खिडकीपाशी तासन् तास न बोलता बसणं आठवलं, आणि माझ्या मनात जे आलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. "आप्पा!" मी वाळूत ओरडत सुटलो. "आप्पा!"

"वो, वो! ओरडता कशाला?" टपरीवाल्या बाई बाहेर आल्या. "आजोबा मागं बसलेत. च्या घेतायत."

टपरीमागे आप्पा एका ड्रमवर बसून कपबशीतून चहा पीत होते. तोंड लालबुंद, केस उडालेले, पँट गुंडाळलेलीच. शेजारी एक गुलाबी लेडीज सायकल उभी. पुढे टोपली.

"तुमची वाट बघत होते, मग मलाच म्हनाले, पोरीची सायकल वाईच देशील का," बाई सांगायला लागल्या. "मी भ्यायलेच, म्हनलं पडतील. पन काय चालवतात वो! पार वारेपातुर गेले नि आले. जाताना घंटी वाजवत गेले. रस्त्यात कुत्रं पन नव्हतं, तरी आपले वाजवतायत! येताना माजी दुधाची पिशवी पन घेऊन आले, टोपलीतून."

आप्पा बशीत बघत म्हणाले, "तुझी आई मागे बसली की म्हणायची, घंटी वाजवा, लोकांना कळू दे."

आई गेल्यापासून ते तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलले होते.

"आप्पा, किल्ली आणलीय!" मी किल्ल्यांचा जोड त्यांच्यासमोर खुळखुळवला. "चला ना, आता दोघं जाऊ. आत्ता काढतो सायकली."

"नको रे आता. झालं माझं." त्यांनी रुमाल सोडला आणि घडी करून खिशात ठेवला. "गुडघा बोलायला लागलाय. चल घरी."

मला रडू आलं, आणि ते समुद्रावरच्या वाऱ्याने आलं असं म्हणायची सोय नव्हती, कारण वारा नव्हता. आप्पा शेवटची सायकल चालवत होते तेव्हा मी कुठे होतो? शिरगावच्या चढावर, दोन सायकली पाठीवर घेऊन, तासाला साठच्या वेगाने त्यांच्यापासून लांब जात होतो. टपरीवाल्या बाईंनी पाहिलं, रस्त्यावर नसलेल्या कुत्र्यानेही पाहिलं असतं, पण मी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून ती किल्ली मी शर्टाच्या खिशातून काढली नाही. सायकलीही उतरवल्या नाहीत. उतरवायला अंगात बळ नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्याच गाडीतून आप्पांना हॉस्पिटलमध्ये नेलं. बरोबर संध्या आणि मागे दोन सायकली. आप्पांना स्ट्रेचरवर घेतलं, आणि सिस्टरने विचारलं, "रिपोर्टची फाइल?"

मी संध्याकडे बघितलं. संध्याने माझ्याकडे बघितलं. आप्पांनी छताकडे बघितलं.

"फ्रिजवर असेल," आप्पा म्हणाले. "मी आहे इथे. तू जाऊन ये."

मी गाडी पळवत घरी गेलो, चष्म्यासाठी खिसे चाचपले, चष्मा लावून ती फाइलच आहे याची दोनदा खात्री केली आणि सुसाट परत आलो. तोवर आप्पांना आत नेलं होतं. "जाताना तुम्हालाच शोधत होते," संध्या म्हणाली. मी फाइल छातीशी धरून दारावरच्या लाल दिव्याकडे बघत बसलो. दुपारपर्यंत उठलो नाही.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी आप्पांनी डोळे किलकिले केले. मी वाकलो.

"किती झाले?"

"काय, आप्पा?"

"सायकलींचे. किलोमीटर."

"रविवारचे साठ," मी म्हणालो. "आणि आजचे सोळा."

ते हसले. ओठांच्या एका कोपऱ्यातून, पण हसले. मग माझा हात धरून म्हणाले, "माझी चालव रे एकदा. इथेच खाली, पार्किंगमध्ये. मला इथून घंटी ऐकू येईल."

मी जिना तीन-तीन पायऱ्या उतरत खाली गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला समोर एक काम दिसत होतं आणि कशाला, असं वाटत नव्हतं. पट्टे सोडले. वर संध्याने आप्पांच्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मी शर्टाच्या खिशात हात घातला.

खिशात चष्म्याचं रिकामं घर होतं. सकाळी चष्मा काढताना किल्ली मध्ये येत होती, म्हणून ती मी एक मिनिटभर बाजूला ठेवली होती. फ्रिजवर.

मी कॅरिअरवर वाकलो आणि बांधलेल्याच सायकलीची घंटी वाजवली.