विहिरीतलं दुसरं कासव

सुरुंगाची वात पेटली होती आणि माझी धाकटी जाऊ विहिरीत होती.

मिस्त्री वात पेटवून यारीच्या, म्हणजे गाळ ओढायच्या रहाटाच्या, बादलीत बसला, आमच्या मालकांनी यारी फिरवून त्याला वर ओढलं आणि आम्ही सगळे गाळाच्या ढिगाऱ्याआड पळालो. तेवढ्यात ही पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरली. मी डोकी मोजली तर एक कमी. काठावर जाऊन बघते तर ही तळाच्या कपारीत हात घालून बसलेली.

"अगं ए भवाने, वर ये!"

"अक्का, दुसरं हाय! म्या म्हणलं न्हवतं का?"

"मर मग तिथंच!" मी ओरडले. राग आला की मला दुसरं काही सुचत नाही.

मिस्त्री माझ्यामागं पळत काठावर आला. त्यानं बादली परत खाली सोडली. "बाई, बादलीत बसा! पायऱ्यांनी येऊ नका, वेळ पुरायचा न्हाई!" ती कासव पोटाशी धरून बसली. मिस्त्री आणि मालक दोघे यारीला भिडले. बादली काठाला लागली तशी मी तिची वेणी धरून तिला बाहेर ओढलं. आम्ही ढिगाऱ्यामागं पडलो आणि सुरुंग उडाला. दगडाच्या चिपा पाठीवर आल्या. जाऊ बोंबलत होती, पण सुरुंगानं नाही. कासवानं तिचा अंगठा धरला होता.

"आधी हे सोडवा!"

मिस्त्री हसत सुटला. मला हसू आलं नाही.

नवा लातूर जिल्हा होऊन थोडाच काळ झाला होता. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. विहीर तळाला गेली म्हणून खोल करायचं काम निघालं होतं. आमच्याकडं विहिरीत कासव सोडायची रीत होती. मेलेला बेडूक, पडलेला उंदीर, डासाच्या अळ्या, सगळं ते खातं आणि पाणी पिण्याजोगं राहतं. आणि एका विहिरीत एकच कासव असतं, असं सगळे धरून चालत. कुणी बघितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

गाळ काढताना आदल्या दिवशी एक सापडलं. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि जनावरांच्या हौदात सोडलं. संपलं, आता उडवा सुरुंग. जाऊ रोज पाणी शेंदायची. ती सांगत होती, एकाच्या पाठीची कड तुटकी आहे, एकाची धड आहे. हे धड आहे, तुटकं राहिलं. दीर म्हणाले, "हिला एकाची दोन दिसायलीत. लातूरला मोठा दवाखाना होणार हाय, तिथं डोळे दाखवू." आम्ही सगळे हसलो होतो.

सुरुंगानंतर दुसरंही हौदात गेलं. मग टँकरच्या पाण्यावरून भांडण. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "माणसाला प्यायला न्हाई, अन् कासवाला आंघोळ घालता?"

सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या रांजणात अळ्या वळवळायल्यात. त्या आणून घाल ह्यांना. त्यांचं पोट भरंल, तुझा रांजण साफ होईल."

ती खरंच कपड्यानं पाणी गाळून अळ्या घेऊन आली. पुढं रोज येऊ लागली.

पाऊस झाल्यावर विहिरीला पाणी आलं. गाव म्हणालं, सोडा कासवं. जाऊ आडवी आली. "चहूकडून दगड हाय. अंडी कुठं घालतील, कपारीत?" विहिरीत एकटं कासव सोडायचं, ते म्हातारं होऊन मरायचं आणि नदीवरून दुसरं धरून आणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. आपण पाणी राखतो आणि कासव संपवतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. गावानं तोंड वाकडं केलं. तरी आम्ही दोघींनी ती दोन्ही कासवं टोपलीत घालून दुष्काळी कामातल्या पाझर तलावात सोडली. तिथं मऊ मातीचा काठ होता.

काठावर नंतर अंडी दिसली. बरीचशी कुत्र्या-मुंगसांनी उकरून खाल्ली. थोडी पिल्लं निघून पाण्यात गेली, ती मी बघितली. नदीवर आता वाळूच राहिली नाही, तर कासव कुठून राहणार? कासव धरणं गुन्हा आहे म्हणतात, तरी तलावावर गळ टाकणारे येतात. मी त्यांना काठी दाखवते. जातात, परत येतात.

सासूबाई त्याच दुष्काळात गेल्या. दोन्ही बैल गेले, शेजारणीची म्हैस गेली. जाऊ जगली, मी जगले आणि ती दोन्ही कासवं जगली.