मामींच्या सुरावर फिरणाऱ्या तबकड्या

“मुंज माझ्या नातवाची होती की त्या नादस्वरमची? तुम्ही नीट केलेल्या या मशीनवर रेकॉर्डचा एकेक सूर अंथरुणातून हात धरून उठवावा लागत होता! मंगलवाद्य ऐकून भटजी पेंगले!” मेलकावेरीचे रिटायर्ड बँक मॅनेजर आपला टर्नटेबल बाळंतिणीच्या मुलासारखा छातीशी धरून दारात उभे राहून तमिळमध्ये ओरडत होते. माझे मामेसासरे दुसऱ्या कुणाच्या तरी अँप्लिफायरच्या पोटात डोकं घालून बसले होते. ते बाहेर न काढताच म्हणाले, “बसा. कॉफी होते आहे.”

हा माणूस नसता तर कावेरीच्या दोन्ही काठांवरची निम्मी गाणी केव्हाच मुकी झाली असती, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. माझी कुंभकोणमला बदली झाली तेव्हा बायको म्हणाली, “तिथे माझे मामा आहेत, तुम्हाला एकटं वाटणार नाही.” वाटलं नाहीच, त्यांच्या घरात एकटं बसण्याइतकीही जागा नाही. पुढची खोली, मधली खोली, न्हाणीघराकडे जाणारा बोळ, सगळीकडे टर्नटेबल आणि कपाटाएवढाले स्पीकर. दारात काढलेली चप्पल जाताना एखाद्या मशीनखाली टेकू म्हणून सापडली तर ती परत मागायची नाही, असा त्या घरचा शिष्टाचार आहे. मी दोनदा अनवाणी परतलो आहे. हे कुटुंब मराठेशाहीत इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आणि ती मराठी अशी, की शेजारी कुणी बखर वाचायला बसलंय असं वाटावं. जावयाला मात्र ते तमिळ रीतीने ‘मापिळ्ळै’ म्हणतात, आणि जावयाचा मान म्हणून सोल्डरिंगचा पहिला धूर माझ्याच तोंडावर सोडतात.

दुकानात मिळणारा सुटा भाग मामांना पाप वाटतं. पट्टा तुटला तर ते रेशमाच्या मागावरची दोरी लावतात. गंजलेला पत्रा विभूतीने असा घासतात, की गिऱ्हाईक आधी नमस्कार करतं आणि मग बटण दाबतं. एका मशीनच्या सुईच्या दांडीमागचं वजन हरवलं, तर स्वामीमलैच्या मूर्तिकाराकडून पंचधातूचं ओतून आणलं. त्या भल्या माणसाच्या हाताला कमळाशिवाय काही घडवायची सवय नव्हती. त्याने वजनाच्या भोवती पाकळ्या काढून दिल्या. त्या गिऱ्हाइकाच्या घरची आजी आता रेकॉर्ड लावण्याआधी दांडीला कुंकू लावते. आवाज सुधारला, असं सगळे म्हणतात.

पण खरी गंमत वेगाची. तबकडी नेमक्या वेगाने फिरते की नाही हे जगभर ठिपक्यांची चकती ठेवून बघतात. मामा मामींना हाक मारतात. मामींची लहानपणापासून पाठ असलेली एक भजनाची रेकॉर्ड आहे, ती लावायची आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचं, “अगे, गा बघूं.” मामी आतून वाटण वाटता वाटता गाऊ लागतात, आणि मामा स्क्रू पिळत रेकॉर्ड त्यांच्या पट्टीला आणून भिडवतात. तबकडी हळू फिरली की सूर उतरतो, जोरात फिरली की चढतो, हिशेब सोपा. मामींचा गळा म्हणजे सरकारी वजनमाप. तिरुविसनल्लूरच्या मठातल्या उत्सवात त्या लग्न होऊन आल्यापासून गातात, मामा उत्सवाच्या दुरुस्त्यांपायी घरीच राहतात, आणि मामींनी घरात जाहीर करून ठेवलं आहे: “रेकॉर्ड माझ्या वर गेली, त्या दिवशीं मी गाणें सोडीन. बेसूर म्हातारी होऊन देवापुढें बसणार नाहीं.”

तर मॅनेजर ओरडत होते, आणि उत्सव चार दिवसांवर होता. भांडण मिटवावं म्हणून मी शहाणपणा केला. हल्ली मोबाइल फिरत्या तबकडीवर ठेवला की तो वेग सांगतो. ठेवला. मशीन हळू निघालं. मॅनेजर विजयाने कडाडले, “बघा!” मी शेजारच्या मशीनवर ठेवला, तेही हळू. बोळातलंही हळू. साऱ्या घराचा वेग एकाच मापाने उतरला होता. म्हणजे कुंभकोणमातली यच्चयावत लग्नं, मुंजी आणि सुप्रभातं सावकाश चालली असणार, आणि इथल्या गाड्या का उशिरा सुटतात हेही मला त्या क्षणी उमगलं.

मामांनी माझा हात धरून मला बोळात ओढलं. “मापिळ्ळै, तें यंत्र खिशांत घाला,” ते कुजबुजले. “मला ठाऊक आहे. मागें तिला पडसें झालें, तेव्हां गळा उतरला. मी स्क्रू थोडा पिळला. मग तो उतरतच गेला, मीही पिळत गेलों. रेकॉर्ड वर गेली तर ती मठांत जायची नाहीं.”

बाहेर मॅनेजर गर्जत होते, “आत्ता, माझ्यासमोर वेग नीट करा! तीच भजनाची रेकॉर्ड लावा आणि बाईंना गायला सांगा!” मामी कॉफीचे पेले घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. मामांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. आपल्या कानाबद्दल ब्रह्मदेवाशीही वाद घालेल असा हा माणूस, तो हात जोडून म्हणाला, “सर, मशीनचा दोष नाही. माझे कान गेले आहेत. सूर कळत नाही आता. दुसरीकडे न्या.”

मॅनेजर शेवटी बसले. कॉफी प्यायले, टर्नटेबल उचलला आणि चप्पलसुद्धा न शोधता निघून गेले. मामांनी पुन्हा अँप्लिफायरमध्ये डोकं घातलं. इतकी वर्षं रस्त्यातून जाणाऱ्या रिक्षाचा हॉर्न कुठल्या सुरात आहे हे पैजेवर सांगणारा माणूस, आणि गावभर आता तो बहिरा म्हणून फिरणार होता.

मला तिथे बसवेना. रिकामे पेले उचलून मी मामींच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, दोन समजुतीचे शब्द बोलावेत. तर मामीच हळू आवाजात म्हणाल्या, “आज तोंडानें बोलले, बरें झालें. मला केव्हांचें ठाऊक आहे. माझें पडसें बरें झालें, पण मशीन खालींच लावलेलें. तेव्हांच कळलें, यांचे कान उतरले. मी वर गेलें असतें तर त्यांना कळलें असतें, काम सोडून बसले असते. म्हणून मीही खालीं गात आलें. दर खेपेस आणखी खालीं लावतात हो.”

मी पेले मोरीत ठेवले. दोघं एकमेकांचा हात धरून एकेक पायरी उतरत इथवर आली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की घसरतंय ते दुसरं. पुढच्या खोलीतून रेकॉर्डची खरखर आली, मग हाक आली, “अगे, गा बघूं.” मामींनी पदर सावरला आणि खालच्या, जड आवाजात सूर लावला. मामांचा स्क्रू त्याच्याकडे हळूहळू सरकत आला.

भजन संपल्यावर मी म्हटलं, “मामी, या उत्सवाला मामांनाही मठात घेऊन जाऊ या का?”

“नक्को,” मामी वाटण पाट्यावर घेत म्हणाल्या. “तिथें मी माझ्या पट्टींत गातें.”