पुरेशी जागा

आज सकाळी सूर्य उगवला याचाही ज्याला लेखी पुरावा लागेल असा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या बायकोचा काका आहे. "जेवलात का?" विचारलं तर काका रिकाम्या ताटाचा फोटो दाखवतात. कॅनडात मिल्टनला आमच्याकडे राहायला आले, त्या दिवशी त्यांनी बेसमेंटमधल्या खोलीची टेपने मापं घेतली, दारावरचा जुना ओरखडा मला दाखवला आणि कागदावर माझी सही घेतली. "उद्या वाद नको, जावईबापू," म्हणाले. सासरच्या माणसाशी वाद घालण्याइतकं धाडस माझ्यात आहे, असं त्यांना का वाटलं कोण जाणे.

नागपुरात त्यांची दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी छोटी कंपनी आहे. तिची शाखा इथे काढायची आणि स्वतःच चालवायची, म्हणून त्यांनी वर्क परमिटला अप्लाय केलं होतं. स्कारबरोत एका बेकरीच्या वर दोन खोल्याही भाड्याने घेतल्या होत्या. मग अधिकाऱ्याचं पत्र आलं, की ही जागा नव्या शाखेला पुरेशी आहे हे दाखवा. नाहीतर अर्ज नामंजूर होणार आणि काका परत नागपूरला. दुसऱ्या कुणाची झोप उडाली असती. काकांचा चेहरा मात्र खुलला. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना आपणहून पुरावा मागत होतं.

अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी बजावलं होतं, परमिट येईपर्यंत तिथे काम करायचं नाही. काकांनी ते इतकं मनावर घेतलं की टेबलं मी सरकवली, खुर्च्या मी जोडल्या, कचराही मीच खाली नेला. काका हात मागे बांधून दारात उभे. बेकरीवाला डोकावला आणि त्याने "ऑफिस शुरू हो गया?" म्हणून विचारलं, तेव्हा दचकून म्हणाले, "मैं काम नहीं कर रहा, सिर्फ देख रहा हूँ." त्याच्या लक्षात येईना, की हा कबुलीजबाब कशासाठी.

पुराव्यात भाडेकरार होता, नकाशा होता, पाटीचा फोटो होता, कोण कुठे बसणार ते होतं. शिवाय वॉशरूमचे चार फोटो आणि छतावरच्या ओल्या डागाचा एक. त्याखाली काकांनी लिहिलं होतं, 'छत या ठिकाणी ओलं आहे. मालकांना कळवलं आहे.'

"हे कुणी विचारलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"पण ओल तर आहे ना," काका म्हणाले.

बाईंनी बराच वेळ समजावलं. शेवटी चष्मा काढून डोळे चोळले आणि तो फोटोही जोडला.

तीन आठवड्यांनी परमिट मंजूर झालं. काकांनी ऑफिसजवळच घर घेतलं. आता तिथे इथलीच तीन माणसं कामाला आहेत.

काकू मात्र अजून नागपूरलाच आहेत. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, तिला सोडून निघवत नाही. रविवारी काका आमच्याकडे जेवायला येतात आणि जेवण झालं की फोन घेऊन मागच्या अंगणात जातात. गेल्या रविवारी बाहेर उणे पंधरा होतं. टोपी द्यायला मी मागोमाग गेलो. बर्फात उभे राहून, नाक लाल झालेले काका काकूंना सांगत होते, "थंडी काही एवढी नाही इथे. तू ये तर."