उजवा हात माझा, डावा काकींचा

राग माझ्या नाकावर असतो, हे महाडात माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही विचारा. गणित शिकवत जन्म गेला आणि चुकलेल्या उत्तराला मी कधी गोड बोलले नाही. मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हाही मला आधी रडू आलं नाही, रागच आला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया टोचून चार तास पलंगावर पडून राहायचं, यंत्र रक्त धुऊन परत अंगात सोडणार, आणि तोवर तो हात हलवायचासुद्धा नाही.

पहिले काही आठवडे मी निम्म्या वेळातच हात टेकायचे. छातीत धडधड सुरू व्हायची, छत खाली येतंय असं वाटायचं. "काढा हे, नाहीतर मीच उपटून टाकते," म्हणून ओरडायचे आणि काढायलाच लावायचे. एक दिवस डॉक्टरांनी नवऱ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "बाई, तुम्ही पूर्ण वेळ थांबला नाहीत तर अंगातलं पाणी फुप्फुसात भरेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही." घरी येताना मी नवऱ्यावरच खेकसले. घाबरले की मला तेवढंच जमतं.

भरतकामाचं एका मैत्रिणीने सुचवलं. हात गुंतला की जीव गुंततो, म्हणाली. सिस्टरने अट घातली की टोकदार सुई चालणार नाही, कारण डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ करायचं औषध देतात. टोचलं तर रक्त थांबायचं नाही. मग मॅटीचं कापड आणलं. त्याला बोथट सुई चालते आणि चौकड्या मोजून फुल्या-फुल्यांनी चित्र भरायचं असतं. गणिताच्या बाईला चौकड्या मोजायला काय लागतं, अशा तोऱ्यात मी पोपटांचं तोरण काढायला घेतलं.

पण कापड ताणून धरायची रिंग एका हाताने कशी धरायची आणि त्याच हाताने सुई कशी चालवायची, याचा हिशोब राहिलाच. पोटावर ठेवली, घसरली. हनुवटीखाली दाबली, मान अवघडली. शेवटी डोकं फिरलं आणि मी ती भिरकावली. ती थेट शेजारच्या पलंगावर काकींच्या पोटावर जाऊन पडली.

काकी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवरून यायच्या. मुलगा एमआयडीसीत कामाला, पाळीला जाताना त्यांना मोटरसायकलवरून सोडायचा. वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांच्या डाव्या हातातली शीर आधीच बंद पडली होती, म्हणून यंत्राच्या सुया उजव्या हातात. त्यांचा पलंग माझ्या उजवीकडे. म्हणजे दोन पलंगांच्या मधल्या फटीकडे माझा उजवा हात मोकळा आणि त्यांचा डावा.

"फेकायला आणलंस काय गो हे?" काकी बोलल्या.

"एका हाताने होत नाही, काकी."

"मंग एका हातानं कर बोललं कोन? हा हाय ना माजा." आणि त्यांनी रिंग त्या फटीवर आडवी धरली, माझ्या हाताला येईल अशी.

मी पहिली फुली घातली. मग दुसरी. सुईत दोरा ओवायचा तर काकी रिंग मांडीवर ठेवून सुई चिमटीत धरायच्या आणि मी दोरा घालायचे. दोघींचे मिळून दोन हात. बघणाऱ्याला हसू यायचं, येऊ दे. चार तास कधी सरले ते कळायचं नाही. सिस्टर सुया काढायला आली की मीच म्हणायचे, "थांबा हो, एवढी ओळ होऊ दे." माझी धाप कमी झाली, पायांची सूज उतरली, घरात नवऱ्याने खूप दिवसांनी रेडिओ लावला.

आणि काकी? त्यांच्या पायात गोळे यायचे, ओठ पांढरे पडायचे, पण रिंग तसूभर खाली यायची नाही. "सोडा काकी, दुखतंय ना," म्हटलं तर म्हणायच्या, "दुखतंय ते पायात. हाताचं काय?" मी आयुष्यात पुष्कळ माणसं बघितली, शूर म्हणवणारीही बघितली. या बाईच्या पासंगालाही कुणी पुरायचं नाही.

एकदा मोठी गंमत झाली. चहा झाल्यावर काकी रिंग आपल्याकडे फिरवून काम बघत आणि तशीच उलटी परत धरत; भरलेले पोपट बघून मी ती सरळ करून घ्यायचे. त्या दिवशी नवा पोपट सुरू करायचा होता, रिंगेत कोरं कापडच दिसत होतं. मी चौकड्यांचा नकाशा बघून बिनधास्त भरत गेले. कापड रिंगेतून सोडवलं तेव्हा कळलं, सगळे पोपट सरळ आणि एकाचे पाय वर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उसवायला घेतलं तर काकींनी रिंग ओढूनच घेतली.

"नको उसवू. आमच्या आंब्यावर येतात ते उलटंच लटकून खातात. तुमच्या म्हाडात पाट मांडून बसतात काय?"

सिस्टर हसून हसून बेजार. पोपट राहिला.

मग एका आठवड्यात काकी आल्या नाहीत. माझा सगळा शहाणपणा गळून पडला. शेजारचा पलंग रिकामा, रिंग पिशवीत, आणि दोनच तासांत मी पुन्हा "काढा हे" म्हणून ओरडले. नवरा बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता.

पुढच्या आठवड्यात काकी आल्या त्या खंगलेल्या. उजव्या हाताची शीरही बंद पडली होती. आता मानेत नळी बसवली होती, यंत्र तिथूनच जोडायचं. पुढचं मुंबईचे डॉक्टर बघतील म्हणाल्या. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्यांचे दोन्ही हात आता मोकळे आहेत. त्यांना माझी गरज उरली नव्हती. मी पिशवीतून रिंग काढून सुईदोऱ्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवली.

"काकी, आता तुम्हाला एकटीला जमेल. तुम्हीच पुरं करा."

काकींनी डाव्या हाताने रिंग उचलली आणि नेहमीसारखी फटीवर आडवी धरली. उजवा हात चादरीखाली सरकवला.

सिस्टर म्हणाली, "अहो काकी, तुमचे तर दोन्ही हात मोकळे आहेत की."

"हायत ना," काकी बोलल्या, "पन हिचा एकच हाय."

त्या दिवशी मी पूर्ण चार तास थांबले.