खड्ड्यात बसलेले मामा

अमरावती जिल्ह्यात झाडे लावायला सर्वाधिक विरोध कोणी केला असेल, तर माझ्या बायकोच्या मामांनी. आणि त्यांच्याइतकी झाडे ओळखणारा दुसरा माणूसही जिल्ह्यात नाही. वलगावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. लग्नात पाहुण्यांना रोपे वाटायची पद्धत निघाली, तेव्हा त्यांनी लग्नांना जाणे सोडले. त्यांच्या बैठकीत फुलदाणीत फुले नसतात, मारवेल गवत असते. मामींनी एकदा ते केरात टाकले, तर मामा दोन दिवस जेवले, पण बोलले नाहीत. भर सभेत कोणी त्यांना पर्यावरणप्रेमी म्हटले, की तिथेच दुरुस्ती करतात, "प्रेमबीम काई नाई. मी त्याच्यातच राह्यतो."

या रागाच्या मुळाशी गावाबाहेरचा ई-क्लास आहे, म्हणजे चराईची सरकारी जमीन. तिथे पावसाळ्यात मारवेल माजायचे, त्यात तितर अंडी घालायचे आणि एका म्हाताऱ्या मेंढपाळाची मेंढरे चरायची. मेंढरे चरतात म्हणूनच हे गवत टिकते, मेंढपाळही त्या माळाचाच जीव आहे, असे मामा सांगत. माणूस वजा करून उरेल तो निसर्ग, ही त्यांच्या मते आळशी लोकांची समजूत.

त्या माळावर वृक्षारोपण ठरले आणि प्रमुख पाहुणे म्हणून नेमके मामांनाच बोलावले. मी बातमीसाठी गेलो होतो. सत्काराची शाल अंगावर घेऊन मामा उठले आणि पहिल्याच खड्ड्यात जाऊन बसले.

"सर, निंगा ना बाहेर, सायेब आले," सरपंच अजिजीने म्हणाले.

"काहून निंगू? तितराचं घर खंदलं तुमी! आता मलेच लावा इथं. टाका पानी!"

मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून पाहत होता. "सर, तुमाले पाला कधी फुटन?"

सगळे हसले.

"हास, बापू, हास. उद्या इथं तार लागली का तुये मेंढरं कुठं जातीन?"

मेंढपाळाने काठीवरची हनुवटी उचलली. मामांना दोघांनी हात धरून बाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी आली : पडीक जमिनीवर वृक्षारोपण उत्साहात. प्रसिद्धिपत्रकात तसेच होते. जगावर ओरडणारे मामा माझ्यावर ओरडले नाहीत. एवढेच विचारले, "जवाई, पडीक हाय हे तुमी पाह्यलं, का कोनं सांगतलं?" बातमीदारीचा पहिला धडा हाच असतो, आणि नव्या पोरांना तो मीच शिकवतो.

तार लागली. मेंढपाळ अचलपूरच्या पलीकडे कुठे तरी निघून गेला. रोपे वाळली. चरायला कोणी नाही म्हणून तारेच्या आत मारवेल हटले आणि गाजरगवत माजले.

गेल्या रविवारी मामा मला तिकडे घेऊन गेले. पूर्वीसारखे भरभर चालवत नाही त्यांना. तारेबाहेर, रस्त्याच्या कडेला, मारवेलाचा एक झुबका उरला होता. त्यातल्या दोन काड्या तोडून त्यांनी माझ्या हातात दिल्या.

"घरी न्या. पानी टाकत जा."

त्या माझ्या टेबलावर आहेत. पाणी रोज बदलतो.