तिसरा पेरू

मुलुंडच्या बाजारात पिकलेल्या पेरूंची हातगाडी लागली की त्यांचा वास पार रिक्षा-स्टँडपर्यंत येतो. लोक थांबून भाव करतात; मी मात्र वाट वाकडी करून निघून जाते. पेरू मला आवडत नाही अशातला भाग नाही. त्या वासाबरोबर ऐंशीच्या दशकातला एक वर्ग आठवतो आणि माझीच मला लाज वाटते.

आई गेली त्या वर्षी मी घाटकोपरच्या एका कचेरीत टायपिस्ट होते. संध्याकाळी मुलुंडच्या रिकाम्या खोलीचं कुलूप उघडण्याचा मला इतका धसका बसला होता, की कचेरीजवळच्या एका कॉलेजच्या फाटकावर सायंवर्गाची पाटी दिसली आणि मी विषयही न वाचता नाव घातलं. निघालं अर्थशास्त्रीय विश्लेषण! सहा महिने, शेवटी परीक्षा, पास झालं तर प्रमाणपत्र. मागणीची रेषा चढते की उतरते, याचं मला सोयरसुतक नव्हतं. पण पास व्हायचं होतं. कुणीतरी शाब्बास म्हणावं असं काहीतरी करायचं होतं, आणि तसं म्हणणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

शेजारच्या बाकावर मालवणकडचे एक काका बसत. गिरणी बंद पडून घरी बसलेले. वर्गात का आलात असं सरांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "गिरणी कित्याक बंद पडली, ता समजान घेवक इलंय." एकदा सर घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवत होते. फाटकाबाहेरचे पेरूच त्यांनी उदाहरणाला घेतले : भुकेल्याला पहिला पेरू अमृत, दुसरा बरा, तिसऱ्याची गोडी उतरलेली. काकांनी हात वर केला. "तिसरो मी खातलंय कित्याक, सर? घराक नेतलंय. बायल वाट बघता." वर्ग खो खो हसला. सरही हसले. "काका, पुस्तकातला माणूस एकटाच खातो." मी वहीत डोकं खुपसून बसले, कारण तो पुस्तकातला माणूस मीच होते.

निकालाच्या दिवशी फळ्यापाशी गर्दी होती. काकांनी चष्मा सावरत यादीवरून बोट फिरवलं आणि ओरडले, "चेडवा, पास झालंस गो!" त्यांनी आधी माझा नंबर शोधला होता. मग मी त्यांचा शोधला. वरून खाली, खालून वर. नव्हता. माझ्या चेहऱ्यावरून ते समजले. "जावंदे गो. गिरणी कित्याक बंद पडली, ता त्या पुस्तकात नायच होता." आणि लगेच, "घराक चल. बायलेक सांगूया. गोडधोड करतली."

सहा महिने ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. आणि मी, नापास झालेल्या माणसाच्या घरी जाऊन आपल्या पास होण्याचं गोड कसं खायचं, या संकोचात म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येते ना, काका. नक्की." त्यांनी आग्रह केला नाही. ते कुर्ल्याला राहतात एवढंच ठाऊक होतं. पत्ता विचारायचं सुचलं नाही. वर्ग तर आधीच संपले होते; पुन्हा गाठ पडली नाही.

प्रमाणपत्र पुढे टपालाने आलं. उभ्या-उभ्या पाकीट फोडलं, वाचलं, आणि ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून एकदा मोठ्याने वाचलं. इतकी वर्षं मी माझ्या एकटेपणाचं खापर नशिबावर फोडत आले. आई गेली, ते नशीब होतं. पण त्या संध्याकाळी कुणीतरी मला घरी चल म्हणालं होतं, आणि ‘नाही’ मीच म्हणाले होते.